पोवळ्याला पापडखार

माझ्या सुनेनं समोरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून ठेवली, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, की गोड्या पाण्यातले मासे काय वाईट होते? ती म्हणाली, तिला मासे पाळायचे नाहीत, पोवळं पाळायचं आहे. मला पोवळं माहीत होतं ते अंगठीतलं, लाल. ते जिवंत असतं, खातं, वाढतं आणि मरतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्याआधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता.

सून नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिचं माहेर सुरतचं. मूळ आपल्या खानदेशातलेच लोक, पण दोन पिढ्या तिकडे गेलेल्या. मुलगा शहाद्याला नोकरीला जातो, सकाळी निघतो आणि संध्याकाळी येतो. मी आधी धानोऱ्याला राहत होते. मालक गेल्यावर शेत वाट्यानं दिलं आणि इकडे आले. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. वाचता येतं, लिहिता येतं, हिशोब तोंडी येतो. एवढ्यावर आयुष्य निघालं.

टाकीत दोनशे लिटर पाणी. फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ विरघळवून ती ते पाणी घरीच तयार करायची. दगडांवर चार-पाच जातीची पोवळी, केशरी पट्ट्यांचे दोन मासे, आणि मधल्या दगडावर तिचं सगळ्यात आवडतं एक. बोटाएवढा तुकडा आणला होता तिनं, थर्माकोलच्या पेटीत, सुरतहून गाडीनं. समुद्रातून तोडायला बंदी आहे, हे टाकीतच वाढवलेलं आहे, कागद आहेत, असं तिनं मला न विचारता सांगितलं. चार वर्षांत त्या बोटाचा परातीएवढा घेर झाला. जांभळ्या फांद्या, टोकं फिकी निळी. मी त्याला झाड म्हणायची. ती दर वेळी सुधारायची.

"आई, झाड नही, जनावर शे ते."

"जनावर शे ते हालत काबरं नही?"

"तुम्हीन भी दुपारले कोठे हालतस?"

अशी आमची बोलणी. भांडण नव्हतं, गोडवाही फार नव्हता. एका घरात दोन बायका राहतात तसं होतं.

मिरचीच्या दिवसांत गावाबाहेर लाल मिरच्या वाळत पडल्या की वाऱ्याबरोबर बारीक धूळ घरात येते. तेव्हा ती टाकीवर ओला पंचा टाकायची. स्वतः शिंका देत फिरायची, पण पंचा आधी टाकीवर. शेजारीण यायची, बघायची आणि म्हणायची, "दोनच मासा, आन त्या भी तळाना कामना नहीत." आम्ही मासे खात नाही, हे तिला माहीत होतं. तरी म्हणायची.

पोवळं पाण्यातून कॅल्शियम ओढून घेतं आणि क्षार ओढून घेतं, आणि त्या दोहोंतून आपलं हाड बांधतं. जितकं ओढलं तितकं रोज परत घालावं लागतं. सकाळी पांढऱ्या कॅनमधलं सोड्याचं पाणी चाळीस मिली, संध्याकाळी निळ्या कॅनमधलं कॅल्शियमचं पाणी चाळीस मिली. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं मोजायचं आणि पंपाच्या धारेत थेंब थेंब सोडायचं. दोन्ही एकत्र कधी नाही. एकत्र आली की पाण्यातच त्यांचा खडू होतो आणि पोवळ्याच्या वाट्याला काही येत नाही. त्या सोड्यानं पाण्यात जे वाढतं त्याला ती अल्कलिनिटी म्हणते. ते मोजायला छोटी बाटली होती. नळीत टाकीचं पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकत जायचं. पहिल्या थेंबाला निळं होतं, आणि पुरेसे पडले की एकदम पिवळं. आठ थेंबांना पिवळं झालं तर ठीक. नऊ चालतील. त्याच्या वर नाही, सातच्या खाली नाही.

हे मला शिकायची वेळ आली ती तिच्या आईच्या गुडघ्यामुळे. माझ्या विहीणबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. भिंतीला धरून चालायच्या. डॉक्टरांनी आधी उजवा बदलायचा ठरवला. सून एकुलती एक, वडील नाहीत. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा शाळेच्या परीक्षा आड आल्या. दुसऱ्या वेळी तिनं कारण सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. चार आठवडे टाकी कुणावर टाकायची, हा प्रश्न होता. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मन्हा हातमा मरी जाई." हे तो लग्नात पाहुण्यांना वाढायला सांगितलं तरी म्हणतो.

मी म्हटलं, मी करीन.

"आई, तुम्हनाकडथून व्हई का?"

"चाळीस वरीस सैपाक करा. चाळीस मिली मोजता येवाव नही का?"

ती हसली नाही. चार दिवस मला शिकवलं, शाळेत शिकवते तसं, माझ्याकडून परत म्हणवून घेऊन. एका वहीत सगळं लिहून दिलं. दर तीन दिवसांनी थेंब मोजायचे आणि वहीत तारीख घालून लिहायचे. कॅनमधलं पाणी संपलंच तर नवं कसं करायचं, तेही लिहिलं: एक लिटर फिल्टरचं पाणी, चौऱ्याऐंशी ग्रॅम खायचा सोडा, हलवून विरघळवायचं. मग ती सकाळच्या गाडीनं गेली. जाताना नवऱ्याकडे बघितलं नाही इतकं टाकीकडे बघितलं.

पहिले पाच दिवस सुरळीत गेले. मी नेमानं उठायची, आधी टाकी, मग चहा. आठ थेंब. पुन्हा आठ. विहीणबाईंचं ऑपरेशन झालं. सून रोज संध्याकाळी फोन करायची. आधी टाकीचं विचारायची, मग जेवणाचं, मग नवऱ्याचं.

सहाव्या दिवशी मी फरशी पुसायला पांढरा कॅन हलवला. झाकण नीट बसलं नव्हतं, कॅन आडवा झाला. निम्मं पाणी फरशीवर. उरलेलं तीन दिवस पुरलं. मग वही काढली. सोड्याचं पाकीट कपाटात बघितलं तर त्यात मूठभर उरला होता. तो मी जिभेवर ठेवून बघितला. कुठलीही पांढरी पूड मी आधी जिभेवर ठेवते, त्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तोंडाला लागला खारट, किंचित तुरट, साबणासारखा. ओळखीची चव. हा तर पापडखार!

दिवस पापडांचे होते. उडदाच्या पापडांसाठी मी दोन किलो खार आणून ठेवला होता. आमच्याकडे खार तसाच पिठात घालत नाहीत. पाण्यात उकळतात, रात्रभर निवळू देतात, वरचं पाणी कपड्यानं गाळून घेतात, खालचा गाळ फेकतात. त्या पाण्यात भिजवलेलं पीठ दोन बायका मिळून कुटतात तेव्हा पापड तळल्यावर फुलतो. माझ्या खाराचं पाणी चांगलं होतं असं धानोऱ्यात म्हणायचे. लोक मागून न्यायचे.

किराणा दुकान दहा पावलांवर होतं. खायचा सोडा तिथे मिळतो. मी गेले नाही. दुकानातला सुटा सोडा, त्यात कोण काय मिसळतं कुणास ठाऊक, आणि आपल्या घरात स्वच्छ खार आहे, असं माझ्या मनात आलं. चव तीच, रंग तोच. सुनेला विचारायचं हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण खाराबद्दल मी कुणाला विचारावं, हे मला पटलं नाही.

चौऱ्याऐंशी ग्रॅम तोलून घेतला. ग्रॅमचा काटा होता तिचा, एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पाण्यात उकळला, निवळला, दोनदा गाळला. पाणी काचेसारखं झालं. कॅनमध्ये भरलं आणि रोज चाळीस मिली सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी थेंब मोजले. नऊ. चालतील, असं तिनंच सांगितलं होतं. त्यानंतर तीन दिवसांनी दहा. वहीत दहा लिहिलं आणि थेंबांना दोष दिला. उन्हाळा कडक लागला होता, बाटलीतलं औषध पातळ झालं असेल, थेंब बारीक पडत असेल. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पिवळं मला उशिरा दिसत असेल. माझा हात चुकला असेल, असं सोडून सगळं सुचलं.

संध्याकाळी फोन आला.

"कितला थेंब?"

"ठीक शे."

"आठ का नऊ?"

"ठीक शे ना, तू तुन्ही मायनं बघ."

तेव्हा विहीणबाईंना ताप येत होता आणि गुडघा वाकत नव्हता. व्यायाम करायला बसवलं की आरडाओरडा करायच्या, आणि सून सोडून कुणाचं ऐकायच्या नाहीत. टाकीचं काही बिघडलं तर मी एका दिवसासाठी येऊन जाईन, असं सून आधी दोनदा म्हणाली होती. म्हणून मी दहा सांगितलं नाही. मला वाटलं मी शहाणपणा करतेय.

त्यानंतर तीन दिवसांनी बारा झाले. त्याच सकाळी पंपाचा आवाज बदलला. एरवी नुसती गुणगुण असते, त्या दिवशी घरघर होती. पंप काढून उघडला तर आत पांढरं पुट. टाकीतल्या हीटरवर तेच, हात लावला तर खरखरीत. बोअरच्या पाण्याच्या हंड्याला आतून बसतं तसं. ते पुट मला ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही. पाण्यात क्षार मावेनासा झाला की तो मिळेल त्याला धरून बसतो. म्हणजे थेंब खरं बोलत होते.

मग मी झाडाकडे नीट पाहिलं. टोकं निळी नव्हती, पांढरी होती. आधी मला ती वाढ वाटली होती, नवी पालवी फिकी असते तशी. आता जवळून पाहिलं तर टोकांवरचं मांस गेलेलं, नुसतं हाड. एका बाजूच्या सगळ्या फांद्यांची नखाएवढी टोकं उघडी पडली होती.

संध्याकाळी मुलगा आल्यावर त्याला दाखवलं. तो म्हणाला, "तिले सांगू नको. ती निंघी ई जाई, आन तठे तिन्ही माय पडेल शे." मग म्हणाला, "काही लिंबूबिंबू टाकीसन उतरस का?" खरं सांगायचं तर लिंबू माझ्याही मनात होतं. भाजीत खार जास्त पडला तर आंबट घालतोच आपण. मी लिंबू कापलंही होतं. ते हातात घेऊन मी टाकीसमोर उभी राहिले आणि मला वाटलं, एकदा चव घेऊन शहाणी झाले, आता दुसऱ्यांदा नको.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"कितला थेंब, आई?"

"बारा. तुन्हं झाड मी जाळी टाकं."

मागून विहीणबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं.

"काय टाकं तुम्हीन?"

"पापडखार. कॅन सांडी गया. सोडा सरी गया व्हता."

"पापडखार?"

"उकळीसन, गाळीसन. चांगला व्हता."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "उकळा का? तोलीसन?" मी हो म्हटलं. मग तिनं शाळेतल्यासारखं सगळं विचारलं. किती दिवस, किती मिली, कोणत्या दिवशी किती थेंब. मी वहीतून वाचून दाखवलं, दहा झाकलं नाही. तिनं सांगितलं, खारात नुसता खायचा सोडा नसतो, धुण्याच्या सोड्यासारखा तीव्र सोडा असतो, वजनाला वजन घेतला तर दीडपटीनं चढतो. आणि उकळल्यावर होता तो साधा सोडाही तसाच तीव्र होतो. माझं सगळं स्वच्छ करणंच नडलं होतं.

"आते काय करू?"

"काहीच करू नका. सकाळनं बंद, संध्याकाळनं बंद. पंप व्हिनेगरमा धुई टाका. टाकीमा काहीच टाकू नका."

"लिंबू?"

"आई!"

मी लिंबू खाली ठेवलं.

"तू येशी का आते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "ईसन मी तरी काय करसू? काही न करनंच शे ते." आणि फोन ठेवला.

काही न करणं मला आयुष्यात जमलेलं नाही. गाय आजारी पडली की पाला, पोर आजारी पडलं की काढा, काहीतरी करून बघायचं ही सवय. ते दिवस मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि हात मांडीखाली ठेवले म्हटलं तरी चालेल. रोज थेंब मोजायचे तेवढं काम. बारा, बारा, अकरा. पोवळं आपलं ओढत होतं, जितकं जिवंत होतं तितकं. पांढरी टोकं वाढत गेली, एक बाजू अर्ध्यापर्यंत गेली. संध्याकाळी फोनवर आकडा सांगायचा. ती "बरं" म्हणायची आणि मग गुडघा किती वाकला ते सांगायची. थेंब उतरत होते आणि गुडघा वाकत होता. नऊ झाले त्या दिवशी मुलानं पाकीटबंद सोडा आणला आणि मी तो न उकळता विरघळवला.

चार आठवडे पुरे करून ती आली. पिशवी दारात ठेवली आणि टाकीसमोर बसली. झाडाचा तिसरा हिस्सा पांढरं हाडूक झाला होता, त्यावर हिरवं शेवाळ धरायला लागलं होतं. तिनं कात्री आणली आणि मेलेल्या फांद्या जिवंत मांसापर्यंत कापून काढल्या. कटकट आवाज होत होता. मी चहा केला. तिनं तो प्यायला नाही, गार होऊ दिला.

मी माफी मागितली नाही. चूक झाली हे फोनवर सांगितलं होतं, तेच पुन्हा काय सांगायचं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी धान्य निवडत होते तर समोर येऊन बसली.

"खारनं माले काही नही, आई. तुम्हीन ठीक शे काबरं सांगं?"

"दहा सांगं व्हतं तर तू ई जाती. तुन्ही माय तठे आरडी ऱ्हायनी व्हती."

"नही येती. फोनवरच बंद कराले सांगती. दहावर काहीच बिघडत नही. दहापासून बारालोंग गयं, तठे जळनं ते."

मी निवडत राहिले. हिशोब मला कळत होता. खार टाकल्यापासून दहा होईपर्यंत झाडाला काही झालं नव्हतं. माझ्या 'ठीक शे'नंतरच्या तीन दिवसांत ते जळलं. खाराची चूक अडाणीपणाची होती, ती कुणाचीही झाली असती. 'ठीक शे' माझं होतं.

"तुम्हीन माले कमजोर समजतस," ती म्हणाली. "मायनाकडे बघू का टाकीकडे बघू, ते मन्हं मी ठरावसू."

मी म्हटलं, "तांदूळमा खडा फार शेत," आणि ती उठून आत गेली. पण संध्याकाळी चहा माझ्यासाठीही टाकला.

त्या वर्षी झाड पुन्हा वाढलं, पण कापलेल्या बाजूला कमी. वरून पाहिलं तर ते एका अंगाला कललेलं दिसतं. येणारे-जाणारे विचारतात, असंच असतं का? ती सांगते, आईंनी पापडखार घातला. लोक हसतात. मीही तिथेच बसलेली असते. हसू देते.

दिवाळी झाल्यावर विहीणबाईंचा दुसरा गुडघा ठरला. या वेळी कुणी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही की मी करीन. जायच्या आदल्या दिवशी ती दोन्ही कॅन भरत होती. मान वर न करता म्हणाली, "थेंब रोज सांगशात?"

"सांगसू."

"जे व्हई ते?"

"जे व्हई ते."

ती गेली. चौथ्या दिवशी सात थेंबांनाच पिवळं झालं. थंडीचे दिवस, सकाळचं ऊन खिडकीतून येत होतं, नळी मी उजेडात धरून दोनदा पाहिली. सातच. त्याच संध्याकाळी विहीणबाईंना पहिल्यांदा उभं करायचं होतं, हे मला माहीत होतं. फोन तिनं केला नाही, मी केला.

"सात," मी म्हटलं.

"थांबा जराशी." तिनं फोन कुठेतरी ठेवला. मला ऐकू येत होतं, ती आईला सांगत होती, पाय टेकव, टेकव, मी धरलेलं आहे. विहीणबाई ओरडल्या, मग गप्प झाल्या. मग सून परत फोनवर आली, धापा टाकत.

"पाच मिली वाढावा. पंचेचाळीस."

मी वहीत पंचेचाळीस लिहिलं.